बावीस मार्चची मुलं

बावीस मार्चला सकाळी फोन उघडला की आज कोणाकोणाचा वाढदिवस आहे हे तो सांगू लागतो, आणि नावं संपत नाहीत. एक पोलीस शिपाई, एक नर्स, एक ग्रामसेवक, नाशकात रिक्षा चालवणारा एकजण, दिंडोरीकडे द्राक्षबागांत कामाला जाणारे चार-पाच, आणि कितीतरी बाया, ज्यांची मुलं आता स्वतः शाळेत जातात. सगळे मिळून चाळीसेक. सगळे पेठ तालुक्यातल्या एकाच शाळेचे. माझ्या माहितीत यांच्यापैकी एकही बावीस मार्चला जन्मलेला नाही. तो दिवस त्यांना आमच्या मुख्याध्यापकांनी दिला आणि शाळेच्या रजिस्टरात तो मी लिहिला.

मुख्याध्यापक गेल्या थंडीत वारले. सगळे त्यांना गुरुजी म्हणत, मीही तेच म्हणे. त्यांच्याविषयी लिहावं असं मनात आलं की प्रत्येक वेळी आधी ते रजिस्टरच डोळ्यांसमोर येतं; निळ्या शाईतलं माझं तेव्हाचं गोल अक्षर, आणि मागे उभं राहून सांगणारा त्यांचा आवाज. "बाई, लिहा. बावीस मार्च. अक्षरीसुद्धा लिहा."

शाळा दोन खोल्यांची आणि दोन शिक्षकांची. मी नाशिकहून पहिल्याच नेमणुकीवर तिथे गेले. एसटी फाट्यावर सोडायची आणि तिथून तासभर चालावं लागायचं. गुरुजी तेव्हा पंचेचाळिशीच्या आसपास होते. अंगाने काटक, बोलणं कमी. शर्टाच्या खिशात पेनच्या शेजारी गवंड्याचा ओळंबा. पहिल्या दिवशी मला वाटलं, शाळेचं काही बांधकाम चालू असेल. नंतर कळलं, ओळंबा अंगणातल्या काठीसाठी होता. मीटरभर उंचीची सागाची काठी अंगणात रोवलेली असे. गुरं तिला अंग घासत, पोरं तिला धरून गरागरा फिरत, आणि गुरुजी रोज सकाळी ओळंबा सोडून ती पुन्हा सरळ करत. रागावत मात्र नसत. "काठी वाकते, सरळ करायची," एवढंच म्हणत.

मनगटाला घड्याळ नव्हतं. शाळेचा दिवस ते काठीच्या सावलीवर चालवत. सावली दिवसातली सगळ्यात आखूड झाली की बारा, आणि बारा वाजले की मधली सुट्टी. आता आपल्याकडे सूर्य डोक्यावर यायला घड्याळातले साडेबारा उलटून जातात. मार्चमध्ये तर पावणेएक होत येतात. एकदा तपासणीला आलेले साहेब घड्याळ दाखवत म्हणाले, "गुरुजी, सुट्टी कधी देणार? पोरं भुकेली दिसतायत."

"बारा वाजू द्या, साहेब."

"बारा कधीच वाजले. पाऊण होत आला."

"ते तिकडे पूर्वेला, मिर्झापूरकडचे वाजले. साऱ्या देशाचं घड्याळ तिकडच्या सूर्यावर लावलंय. इथे तो अजून पोचायचाय."

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी खाली बघितलं. तेवढ्यात तिसरीतला एकजण अंगणातून ओरडला, "वाजलं गुरुजी, बारा वाजलं!" आणि सगळी शाळा बाहेर पळाली. साहेबांनी शेरेबुकात काय लिहिलं ते मी वाचलं आहे. 'मुख्याध्यापक कष्टाळू आहेत. वेळेचे भान ठेवावे.'

फळ्यावरची तारीखही त्यांची वेगळीच. इंग्रजी तारखेच्या वर ते भारतीय सौर तारीख लिहीत. देशात जागोजागी निराळी पंचांगं चालत होती, त्यांचा आणि सूर्याचा मेळ बसत नव्हता. म्हणून स्वातंत्र्यानंतर सरकारने सगळ्यांसाठी एक सौर पंचांग ठरवलं आणि १९५७ साली बावीस मार्चला त्यातला चैत्राचा पहिला दिवस धरला, ही हकिकत ते चौथीच्या मुलांना दरवर्षी सांगत. राजपत्रावर ती तारीख छापलेली असते, आकाशवाणीवर सांगतात, पण वापरत कोणी नाही. गुरुजी वापरत. रजेचा अर्जसुद्धा त्यांनी एकदा नुसत्या सौर तारखेने दिला. तो परत आला, कारण रजा नेमकी कधीची हे कचेरीत कोणाला कळलं नाही. गुरुजींनी ती रजा मग घेतलीच नाही.

"पाडवा असतो की," मी एकदा म्हटलं. "चैत्राचा पहिला दिवस आपला पाडवाच."

"तो चंद्राचा. कधी मार्चात, कधी एप्रिलात. हा सूर्याचा आहे, बाई. याला गुढी नाही, गोडधोड नाही, सुट्टीसुद्धा नाही. बिचाऱ्याचं कोणीच काही करत नाही."

त्या दिवसाचं जे काही करायचं ते मग आमच्या शाळेत होई. सकाळी शाळा भरली की मुलं काठीभोवती बसत. काठीच्या सावलीचं टोक जिथे पडेल तिथे दर अर्ध्या तासाने एक खडा ठेवायचा. दुपारी गुरुजी दोघांच्या हातात सुतळीची टोकं देऊन ती खड्यांवरून ताणायला लावत. खडे एका ओळीत, पट्टीने आखल्यासारखे. एरवी ही ओळ वाकडी येते. डिसेंबरात एका अंगाला वाकते, मे महिन्यात दुसऱ्या. विषुवदिनाच्या आसपास मात्र सावलीचं टोक दिवसभर सरळ चालतं. मी बी.एस्सी. झालेली, पण हे मला माहीत नव्हतं. मी सुतळीला डोळा लावून बघितलं तेव्हा गुरुजींच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला, तो मी नंतर त्यांच्या चेहऱ्यावर फार थोड्या वेळा पाहिला.

"या दिवशी दिवस-रात्र सारखे असतात ना?" मी माझं ज्ञान दाखवलं.

"पुस्तकात असतात. इथे दिवस सहा-सात मिनिटं मोठाच भरतो. हवा सूर्याला जरा वर उचलून दाखवते, म्हणून तो लवकर उगवल्यासारखा दिसतो आणि उशिरा मावळल्यासारखा. बरोबर सारखे दिवस-रात्र पाच-सहा दिवस आधीच होऊन जातात. कोणाच्या लक्षात येत नाही." मग म्हणाले, "पुस्तकातलं तेच परीक्षेत लिहायला सांगा हां पोरांना. गुण जातील."

हे सगळं मी मुद्दाम आधी सांगते आहे, कारण पुढचं सांगताना त्यांचा राग यावा असं मला वाटत नाही.

त्या भागात तेव्हा मुलं घरीच जन्मायची. तारीख कोणी लिहून ठेवायचं नाही. जूनमध्ये बाप नाहीतर आजोबा मुलाला शाळेत घालायला घेऊन येत. वय विचारलं की "आसंल सा सालाचा" म्हणत, आणि गुरुजी लोक एक जून लिहून मोकळे होत. जूनमध्ये शाळा सुरू होते, त्या दिवशी सहा वर्षं पुरी. साऱ्या महाराष्ट्रात हीच रीत होती. आमचे गुरुजी स्वतःही एक जूनचेच. निवृत्त झाले तेव्हा तालुक्यातल्या सात शिक्षकांचा निरोप समारंभ एकत्र झाला, कारण सातही जण एकतीस मेला निवृत्त होत होते. सातांना सात शाली आणि सात नारळ. गुरुजींना बोलायला सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आम्ही सातही जण एकाच दिवशी जन्मलो. त्या दिवशी तालुक्यातल्या सुइणींचे फार हाल झाले असतील." सभागृह हसलं. ते हसले नाहीत. खाली येऊन माझ्या शेजारी बसल्यावर हळूच म्हणाले, "मी चौथीत असताना आई गेली. तिला विचारायचं राहून गेलं."

म्हणून त्यांच्या शाळेत एक जून नव्हता. हिराचं नाव घालायला तिचा आजोबा आला होता तो दिवस मला आठवतो, कारण माझ्या हाताने लिहिलेलं ते पहिलं नाव. आजोबा उंबऱ्याच्या आत, पोरगी त्यांच्या धोतराला धरून, आणि तिची आई बाहेर भिंतीला टेकून उभी.

"केवढी पोर?" गुरुजींनी विचारलं.

"सा सालाची आसंल. दात पडला ना."

"जन्मली कधी?"

"पावसात." आजोबांनी डोकं खाजवलं. "नाय, पावसाच्या मागं कायतरी. कोन ध्यानात ठेवतं?"

मी एक जून लिहायला पेन टेकवलं, तर गुरुजींनी हात वर केला. "बावीस मार्च लिहा, बाई."

माणसं गेल्यावर मी कारण विचारलं. ते म्हणाले, "एक जूनच्या पोराला मोठे होत जाणारे दिवस किती मिळतात? तीन आठवडे. मग दिवस लहानच व्हायला लागतात. बावीस मार्चला जन्मलेल्याच्या पुढे तीन महिने रोज उजेड वाढत जातो. ज्यांना घरच्यांकडून तारीख मिळालेली नाही, त्यांना आपण द्यायचीच आहे, तर मग चांगली देऊ."

मला ते फार सुंदर वाटलं. मी घरी पत्रात लिहून कळवलं. पुढची आठ वर्षं त्यांनी सांगितलं तसं लिहीत गेले, अंकी आणि अक्षरी.

मग माझी बदली झाली. पुढे गुरुजी निवृत्त होऊन नाशकात पेठ रोडला दोन खोल्यांच्या घरात येऊन राहिले. लग्न त्यांनी केलं नव्हतं. मी महिन्या-दोन महिन्यांनी जाऊन येई. गच्चीवर काठी होतीच, आता पाण्याच्या टाकीजवळ, वाळूने भरलेल्या डब्यात रोवलेली. एका एप्रिलमध्ये मी तिथे बसलेली असताना हिरा आली. आता तिशी ओलांडलेली, दोन मुलांची आई. वनरक्षकांची भरती निघाली होती. पळण्याची तयारी तिने वर्षभर केली होती. पहाटे उठून, मुलांना सासूपाशी ठेवून. फॉर्म भरायला बसली तर वय एकोणचाळीस दिवसांनी जास्त भरलं. फॉर्म पुढेच जाईना.

"गुरुजी, साऱ्या दुनियेची एक जून," ती म्हणाली. "माझ्या नणंदेची एक जून, नवऱ्याची एक जून, सासऱ्याची पण एक जून. माझीच बावीस मार्च कशापायी केली?"

गुरुजी तिला तो दिवस समजावून सांगायला लागले. पंचांग, सूर्य, उजेड. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, थांबा, गुरुजी, आता थांबा. हिराने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दिवस मोठा होतो ते मला माहीत आहे, गुरुजी. तुम्हीच शिकवलं. पण फॉर्म भरत नाही ना."

गुरुजींनी मान खाली घातली. मग विचारलं, "तुझी आई आहे ना?"

"आहे की. गावालाच."

दुसऱ्या दिवशी पेठ नाक्यावरून एसटी पकडून आम्ही तिघं गेलो. हिराची आई दारात नागली पाखडत होती. गुरुजींनी तिच्यासमोर जमिनीवर बसून विचारलं, "बाई, ही कधी जन्मली?"

तिने सूप खाली ठेवलं. जराही थांबली नाही. "वाघबारसला. तुमच्या शाळंचं पत्रं वाऱ्यानं उडालं ना, त्या साली. गुराखी पोरं वाघदेवाकडं खीर शिजवायला गेली व्हती. सारं गाव तिकडं न मी हिकडं एकली. दिस मावळायला झाली ही."

"शाळेत का नाही सांगितलंस?"

"मला कुठं इचारलं? म्हातारा बोलत व्हता. मी भिताडाला उभी व्हती." मग तिला हसू आलं. "बाप्या मानसं इसरत्यात, गुरुजी. मी कशी इसरन?"

पत्रे उडाल्याचा अहवाल गुरुजींनी स्वतःच पाठवला होता. साल त्यांना तोंडपाठ होतं. नाशकात परत आल्यावर जुनं पंचांग काढून त्यांनी वाघबारसची तारीख शोधली. दिवाळीच्या तोंडावरची ती बारस. हिरा रजिस्टरातल्या वयापेक्षा सात-साडेसात महिन्यांनी लहान होती. खऱ्या तारखेने ती या भरतीत आरामात बसत होती, आणि भरती पुढे गेली असती तरी बसली असती. पंचांग मिटून गुरुजी म्हणाले, "बाई, मी आकाशाला विचारलं. हिची आई चार पावलांवर उभी होती."

मीही तिथेच होते. त्या बायका रोज हापशावर भेटायच्या, माझ्याशी हसून बोलायच्या, कोणाला कितवं बाळंतपण हे मला ठाऊक असायचं. आठ वर्षांत एकीलाही मी विचारलं नाही, की तुझं पोर कोणत्या दिवशी झालं. हे मी गुरुजींना बोलून दाखवलं नाही. त्यांनीही मला त्यावरून कधी काही म्हटलं नाही.

दाखल्यावरची तारीख बदलायची तर कचेरीत जायला हवं होतं. तिथला लिपिक भला माणूस होता. चहा मागवला, सगळं ऐकलं, आणि म्हणाला, "गुरुजी, वाघबारस हा पुरावा होत नाही हो. दवाखान्याचा कागद आहे का? नाही ना. मग ती तारीख नाही लागायची. लिहिताना चूक झाली असं तुम्ही लेखी देत असाल, तर एक जून करता येईल. सगळ्यांची तीच असते. तिला कोणी काही विचारत नाही."

"पण तीही खोटीच आहे," गुरुजी म्हणाले.

"आहेच की. पण चालते."

मी म्हटलं, "अक्षर माझं आहे. मी देते लिहून. माझ्या हातून चूक झाली म्हणून."

"अक्षर तुमचं. सांगणं माझं होतं," असं म्हणून गुरुजींनी कागद ओढून घेतला. आयुष्यात ज्या तारखेला त्यांनी आपल्या रजिस्टरात जागा दिली नव्हती, ती त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली. 'सदर विद्यार्थिनीची जन्मतारीख लिहिताना माझ्याकडून चूक झाली असून ती १ जून अशी वाचावी.' खाली सही केली. हिरा त्यांच्या खुर्चीमागे उभी होती. कागद लिपिकाकडे देताना ते तिला म्हणाले, "चूक झाली हे खरं आहे. बाकीचं खोटं आहे."

कागद वरच्या टेबलांवरून फिरून यायला वेळ लागला. नवा दाखला हिराच्या हातात पडला तेव्हा फॉर्मची मुदत संपून आठ दिवस झाले होते. पुढची भरती निघेपर्यंत तिचं वय एक जूनच्या हिशोबानेही उलटून गेलं. आता ती दिंडोरीकडे एका वाइनरीत बाटल्या भरण्याच्या विभागात कामाला आहे.

मुदत संपल्याचं सांगायला ती आली त्या दिवशी गुरुजींनी तिची माफी मागितली. सत्तरी गाठलेला माणूस हात जोडून उभा. हिरा घाबरलीच. "आसं नका करू, गुरुजी." मग पदराशी चाळा करत म्हणाली, "नोकरीचं जाऊ द्या. वाघबारसचं पक्कं कळलं ते बरं झालं. आई नेहमी म्हणायची, पण दाखल्यावर वेगळंच होतं ना. मला वाटायचं, आईच चुकत असंल. शाळा कशी चुकंल?"

ती गेल्यावर गुरुजी दिवसभर त्याच वाक्याशी घुटमळत होते. संध्याकाळी त्यांनी मला फोन केला. "बाई, तुम्हाला नावं आठवतात का? आपल्या सगळ्या मुलांची?"

चाळीसेक नावांची यादी आम्ही केली, आणि प्रत्येक नावापुढे आईचं नाव. ते काढायला फार त्रास पडला, कारण रजिस्टरात बापाचं नाव होतं, आईचं नव्हतं. त्यानंतर गुरुजी फिरायला लागले. मिळेल त्या एसटीने, जीपने, पायी. पाड्यांवर बायका सापडत नसत, कारण दिवाळीनंतर त्या मजुरीला दिंडोरीकडे येतात. मग गुरुजी द्राक्षबागांत जात. बांधावर उभं राहून मुकादमाला विचारत, अमकीची आई या टोळीत आहे का. एका मुकादमाने मला फोन केला होता. "मॅडम, तुमचा नंबर दिलाय बाबांनी. कोन आहेत हे? बायांना त्यांच्या बाळंतपणाच्या गोष्टी इचारतात." मी सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बरं. बसवतो त्यांना सावलीत."

कोणी सांगे आखातीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी. कोणी सांगे, वरई कापताना, पुनवेच्या आधी दोन दिवस. कोणी सांगे, गावात विजेचा पहिला दिवा लागला त्या सालच्या होळीला. गुरुजी जुनी पंचांगं घेऊन बसत आणि जमेल तशी तारीख काढत. मग ज्याची त्याला पोस्टकार्ड पाठवत. सगळ्या कार्डांवर मजकूर तोच. 'तुमचा जन्म अमुक दिवशी झाला, असे तुमच्या आईने सांगितले आहे. कागदोपत्री याचा उपयोग नाही. तुम्हाला माहिती असावी.' खाली सही.

ज्या बावीस मार्चला देशभर लोकांनी घरात बसून संध्याकाळी थाळ्या वाजवल्या, त्या दिवशी मी त्यांना फोन केला. आवाज मागे ऐकू येतच होते. मी विचारलं, काठीपाशी बसला होतात का? म्हणाले, "नाही. यादी घेऊन बसलोय. आता किती दिवस बंद राहील सगळं?" मी म्हटलं, राहील काही दिवस. ते म्हणाले, "यातल्या बऱ्याच जणी साठीच्या पुढे आहेत, बाई."

पुढच्या दोन वर्षांत यादीतल्या सात आया गेल्या. गुरुजींनी त्या नावांपुढे काही लिहिलं नाही, कोरं ठेवलं. बस सुरू झाल्या तशी त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पण आता दम लागायचा. शेवटी-शेवटी मी त्यांच्याबरोबर जात असे. ते विचारत, मी लिहून घेई. एका पाड्यावर म्हातारी बराच वेळ आठवून म्हणाली, "नाय ध्यानात येत, बाबा. अकरा झाली, पाच जगली. कोनची इचारतो तू?" गुरुजींनी तिला नमस्कार केला आणि आम्ही उठलो.

दवाखान्यात होते तेव्हाही वही उशाशी होती. बोलायला त्रास होत होता. एका सकाळी मी गेले तर वही माझ्याकडे सरकवून त्यांनी बोटांनी दाखवलं, चार. चार नावं उरली होती. मी मान हलवली. त्यांनी डोळे मिटले. दोन दिवसांनी ते गेले.

त्यांच्यानंतर दोघींना मी भेटून आले. तिसरी सुरतेकडे मुलीकडे आहे असं कळलं. तिचा पत्ता अजून मिळवते आहे. चौथी गेल्या महिन्यात दिंडोरीपलीकडे एका बागेत सापडली. तोडणी चालू होती. कात्री हातात, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, पाठीत वाकलेली बाई. तिचा मुलगा माझ्याकडे पहिली-दुसरीत होता. रिक्षावाला तो हाच. मी ओळख सांगितली. शाळेचं नाव ऐकून तिने कात्री खाली ठेवली.

"पोराला काय झालं?"

"काही नाही, मावशी. तो बरा आहे. एवढंच विचारायला आले, की तो जन्मला कोणत्या दिवशी?"

तिने माझ्याकडे नीट बघितलं. ओळीतल्या दुसऱ्या बायकाही थांबल्या. "आता कशाला पायजे? त्याचा कागद झाला ना कवाच."

"कागदाला नाही. आम्ही तेव्हा तुम्हाला विचारलं नव्हतं. गुरुजींनी विचारायला सांगितलं होतं."

"ते कुठं हायेत?"

मी सांगितलं. तिने डोक्याचा टॉवेल सोडला, तोंड पुसलं, आणि वेलीखालचं एक रिकामं क्रेट उलटं करून माझ्यापुढे सरकवलं. दुसरं क्रेट स्वतःसाठी घेतलं. मी वही उघडली, पेनचं टोपण काढलं. तिने हाताने मला थांबवलं.

"आदी बस," ती म्हणाली. "लांब हाय ते."